अर्ध्यावर थांबलेला घोडा

संग्रहालयातली माणसं त्यांना पाठीमागे ‘अंतिम शब्द’ म्हणत. मोडक्या वस्तूपुढे उभे राहिले, की ते आधी घसा खाकरत, मग चष्मा कपाळावर चढवत, म्हणजे ती वस्तू नीट दिसण्याची उरलीसुरली शक्यताही संपवत, आणि म्हणत, “संपलंय हे. हा माझा अंतिम शब्द.” पुढच्या खेपेला ती वस्तू वितळवायला भट्टीकडे रवाना होई. जुन्या शस्त्रांचे आणि लोखंडी वस्तूंचे मुख्य सल्लागार म्हणून त्यांची कामगिरी एवढीच होती, आणि ती ते फार नेटाने पार पाडत.

नव्या पुलाचा पाया खोदताना नदीच्या गाळातून एक पिस्तूल वर आलं, तेव्हाही हेच झालं. पिस्तूल कसलं, गंजाचा गोळाच! खोदणाऱ्या यंत्राच्या दाताने नळी चेपलेली, लाकडी मूठ भिजलेल्या बिस्किटासारखी मऊ झालेली. अंतिम शब्दांनी ते उचललं, एक डोळा मिटून नळीत डोकावून पाहिलं आणि चाप ओढला. चाप हलला नाही.

“आतलं सगळं गंजून एकजीव झालंय,” त्यांनी जाहीर केलं.

आणखी दोन तज्ज्ञ बोलावले होते. एक त्यांचाच जुना विद्यार्थी. गुरूंनी मान हलवली, त्याने जरा जास्त हलवली. दुसरा बाहेरगावचा पाहुणा. यजमानाला खोटं कशाला पाडायचं, म्हणून त्याने आधी चहा संपवला आणि मग तेच मत दिलं. झालं तिघांचं एकमत.

त्या एकमतात फक्त अंतिम शब्दांची मेहुणी बसत नव्हती. ती तिथल्याच प्रयोगशाळेत धातूच्या वस्तू दुरुस्त करायची. शिक्षण दाजींइतकंच, जीभ मात्र त्यांच्याहून धारदार.

“दाजी, भट्टीकडे पाठवण्याआधी ते मला द्या.”

“घे की. तुलाही खेळायला काहीतरी हवंच.”

आठवडा झाला नाही तोच तिने क्ष-किरणांनी काढलेलं चित्र त्यांच्या टेबलावर आणून ठेवलं.

“एक आनंदाची बातमी, दाजी. तुम्ही त्या नळीला डोळा लावला होता ना? गोळी अजून आतच आहे. दारूसुद्धा.”

“मग?” त्यांनी विचारलं खरं, पण हात आपोआप डोळ्याकडे गेला.

“मग काही नाही. ताईला सांगू नका, उगाच घाबरेल.”

तिने आधी जाणकारांकडून नळी रिकामी करून घेतली. मग पिस्तूल क्षार उतरवणाऱ्या पाण्यात ठेवलं. काही महिने गेले. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली सुईने गंजाचे पापुद्रे एकेक करून काढायला बसली. गाळात हवा जात नाही, त्यामुळे वरून भयंकर दिसणारी वस्तू आतून बरीच शाबूत राहू शकते. हे अंतिम शब्दांना माहीत होतं. त्यावर त्यांची व्याख्यानंही होती.

आता ते ‘सहज’ म्हणून प्रयोगशाळेत येऊ लागले. आले की नाक मुरडत. मूठ काळी पडली म्हणत, नळी सरळ होणार नाही म्हणत. मोडलेल्या स्प्रिंगच्या जागी, जुन्या भागांवर ताण नको म्हणून, तिने मुद्दाम हलकी, नवी स्प्रिंग बसवली, तेव्हा तर त्यांना केवढा आधार वाटला!

“नवी स्प्रिंग? ही तर फसवणूक झाली!”

“तिच्यावर तशी खूण कोरली आहे. चष्मा खाली घेतलात तर दिसेल.”

त्यांचा जीव पिस्तुलात अडकला नव्हता. जीव अडकला होता भट्टीत. इतक्या वर्षांत त्यांच्या शब्दावर किती कुलपं, किती तलवारी, किती बंदुका वितळून गेल्या होत्या! हे एक पिस्तूल जगलं, तर उद्या कोणीतरी विचारणारच, बाकीच्यांचं काय? म्हणून या गृहस्थांना मनापासून वाटत होतं, की ते मोडावं.

संग्रहालयाच्या संचालिकाबाई काम पाहायला आल्या, त्या दिवशी अंतिम शब्दांनी संधी साधली.

“बाई, वरून घासलं म्हणून आतलं सुटत नाही. हा नळीमागचा घोडा बघा. दगडासारखा घट्ट आहे. मी तुम्हाला दाखवतोच.”

“दाजी, हळू,” मेहुणी म्हणाली, पण तिने हात पुढे केला नाही.

त्यांनी अंगठा घोड्यावर ठेवला आणि मागे रेटला. घोडा निमूटपणे मागे गेला आणि ‘खट्’ आवाज करून थांबला. त्यांनी दचकून चापावरचं बोट आवळलं. चाप मागे आला आणि घोडा टक्कन पुढे पडला. पिस्तुलाचं आतलं सगळं चालत असल्याचा पुरावा त्यांनी स्वतःच्या हाताने दिला.

“हे... हे तू तेल घालून सोडवलंस.”

“वरचा गंज मी सोडवला. पण चाप गंजाने अडकलाच नव्हता. घोडा तीन ठिकाणी थांबतो, खाली, अर्ध्यावर आणि पूर्ण मागे. अर्ध्यावर असला, की चाप हलत नाही. भरलेलं पिस्तूल कमरेला लावून चालताना आपलीच मांडी फुटू नये, म्हणून घोडा अर्ध्यावर अडकवणारी खाच करतात. क्ष-किरणांच्या चित्रात दिसलं, ते वापरणाऱ्याने घोडा अर्ध्यावर ठेवला होता. शहाणा माणूस!”

“हे मी वर्गात शिकवतो!” अंतिम शब्द ओरडले.

“छान शिकवता. मीही तुमच्याकडूनच शिकले. पण त्या दिवशी घोडा कुठे आहे, हे तुम्ही पाहिलंच नाहीत.”

मग संचालिकाबाईंनी नेमका तो प्रश्न विचारला.

“याआधी वितळवलेल्यांपैकी किती वस्तू अशा होत्या?”

“त्यांची गोष्ट वेगळी होती.”

“पाहिल्या होत्या?”

त्यांनी घसा खाकरला. हात सवयीने चष्म्याकडे गेला आणि तिथेच घुटमळला. कपाळावर चढवावा, तर दोघी बघत होत्या. शेवटी तो नाकावरच राहिला.

“या खेपेचा माल अजून गेला नाही,” बाई म्हणाल्या. “पेटी इथे मागवते. आज एकेक वस्तू तपासा. मी बसते.”

पेटी आली. वर एक गंजलेलं कुलूप होतं. त्यांनी ते दोन बोटांनी उचललं, जरा लांब धरलं, आणि ओठांवर ते नेहमीचे शब्द आलेच.

“संप...”

“दाजी,” मेहुणीने त्यांच्याकडे स्टूल सरकवलं, “खाली बसा आधी.”