लोरीनचा चेहरा आणि निळ्या बरणीतलं मलम

"नाक दिसायला लागलं," व्हर्निस टटल कुजबुजली, आणि चर्चच्या हॉलमधल्या साठ-सत्तर बायका खुर्च्या करकरवत पुढे झुकल्या. पांढऱ्याशुभ्र फळीतून आधी नाक वर आलं, मग कपाळ, मग माझ्या धाकट्या बहिणीचे, लोरीनचे, हसरे डोळे. तासाभरापूर्वी ब्रदर एल्डन प्रॉक यांनी सगळ्यांदेखत तिचा फोटो त्या फळीवर चिकटवला होता आणि निळ्या काचेच्या बरणीतून बायबलमधलं 'गिलादाचं मलम' म्हणून काहीतरी काढून त्यावर थापलं होतं. फोटो दिसेनासा झाला होता. आता तो परत येत होता. कोणी रडत होतं, कोणी स्तोत्र म्हणत होतं. मागच्या टेबलावरच्या बटाट्याच्या सॅलडकडे एकीचंही लक्ष नव्हतं. आमच्या टॉलिव्हर क्रीकमध्ये खरा चमत्कार म्हणायचा तर हाच.

"भगिनींनो, आजार म्हणजे काय? पडदा," ब्रदरांनी डोळे मिटून गळा काढला. "मलम तो पडदा शोषून घेतं. पडदा विरला, आजार विरला. लोरीन, बाळ, तुझी साखर विरली. आता सुई कशाला? ज्याच्याकडे विश्वास आहे, त्याला सुई कशाला?"

बाळ एकसष्ट वर्षांचं होतं. अकरा वर्षं रोज सकाळी इन्सुलिन टोचून घेत होतं. दुसऱ्या दिवसापासून तिनं ते बंद केलं.

मी, अर्डिथ, तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई, तिसऱ्या रांगेत बसले होते. ऑगस्टचा उकाडा मी म्हणत होता. हॉलमध्ये एकच मोठा पंखा, आणि तो ब्रदरांनी स्वतःच्या हातांनी फळीकडे वळवला होता. आम्ही अंत्यविधीवाल्यांनी फुकट वाटलेले पुठ्ठ्याचे पंखे हलवत घाम पुसत होतो. मलमाला वारा कशाला लागतो, असा प्रश्न एकीच्याही डोक्यात आला नाही. माझ्याही आला नाही, हे लिहिताना लाज वाटते. घरी मी लोरीनशी भांडले, पण ती दर वेळी घरी आणलेल्या त्या फळीकडे बोट दाखवायची.

नवव्या दिवशी मी तिच्याकडे गेले. टोमॅटो बाटल्यांत भरायचे दिवस. शेगडीवर दोन मोठी पातेली उकळत होती, खिडक्यांना वाफ धरली होती, आणि शेगडीच्या बरोबर वर ती फळी टांगलेली होती. लोरीन खुर्चीत बसली होती. ओठ सुकलेले, समोर पाण्याचा रिकामा जग.

"अर्डिथ, चेहरा गेला गं," ती म्हणाली.

खरंच गेला होता. फळी पुन्हा दुधासारखी झाली होती.

"देवानं तोंड फिरवलं माझ्याकडून."

"इन्सुलिन कुठाय?"

"नाही घ्यायचं मला. उरलासुरला विश्वासही जाईल. व्हर्निसनं फोन केलाय, ब्रदर येतायत."

मी फळी खाली उतरवली. अंगठा पृष्ठभागाला चिकटला आणि उचलला तर ठसा मागे राहिला. तो चिकटपणा माझ्या ओळखीचा होता. मला व्हर्निसचा कोंबड्याचं चित्र चिकटवलेला ट्रे आठवला आणि माझा मलाच राग आला.

तेवढ्यात ब्रदर आले, मागे व्हर्निस आणि बुधवारच्या मंडळातल्या चौघी-पाचजणी. ब्रदरांनी फळी पाहिली, उसासा टाकला आणि माझ्याकडे पाहिलं.

"या घरात संशय शिरलाय. आणखी एक लेप लावावा लागेल. गुरुवारी."

"गुरुवारपर्यंत ही टिकेल का?"

"बाई, ते वरच्याच्या हातात."

मी लोरीनच्या खोलीतून केस वाळवायचं यंत्र आणलं. "ब्रदर, एक उपकार करा. प्रार्थना करू नका. एक शब्द काढू नका." आणि यंत्र फळीसमोर धरलं. दहाएक मिनिटांत नाक आलं. मग कपाळ. मग डोळे.

"व्हर्निस," मी विचारलं, "तुझ्या कोंबड्याच्या ट्रेवर पांढरं कडं कसं पडलं होतं?"

"थंड चहाचा ग्लास ठेवला होता मी. सीलर लावायचा राहिला होता, म्हणून ओल..." ती बोलता बोलता थांबली आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

ह्या बायका नऊ वर्षं दर बुधवारी चर्चच्या तळघरात डेकूपाज करतात. मासिकांतली गुलाबं, पोपट, देवदूत कापायचे, सिगारच्या खोक्यांवर, ट्रेवर, घरात जे जे हलत नाही त्यावर चिकटवायचे आणि वरून डिंकाचे थर द्यायचे. डिंक ओला असला की पांढरा, वाळला की काचेसारखा. वरून सीलर, म्हणजे ओल रोखणारा वार्निशसारखा थर, लावला नाही तर ओल लागली की पुन्हा पांढरा. झोपेत विचारलं तरी सांगतील. पण नेहमीच्या प्लॅस्टिकच्या डब्यातला तोच डिंक निळ्या बरणीत घालून कोणी समोर आणला, आणि सगळ्यांनी हात जोडले.

मी लोरीनच्याच डब्यातला डिंक घेतला, ब्रदरांच्या जाहिरातीच्या पत्रकावरचा त्यांचा फोटो कापून पाव कापायच्या फळीवर चिकटवला आणि वरून थर दिला. ब्रदर पांढऱ्यात गडप झाले. यंत्र लावलं, परत आले.

"सांगा, ब्रदर. तुमचा कोणता आजार गेला?"

"सैतानही चमत्काराची नक्कल करतो."

"सैतानाचा डिंक हार्डवेअरच्या दुकानात मिळतो होय?" व्हर्निस म्हणाली. तिनं त्यांच्या हातातली निळी बरणी ओढून घेतली, बोट बुडवलं, हुंगलं. "लॅव्हेंडर घातलंय मेल्यानं."

ब्रदर टोपी घेऊन निघाले. थांबवायला कोणी उठलं नाही.

लोरीन भिंतीला धरून उठली, फ्रिज उघडला आणि लोण्याच्या भांड्यामागून छोटी बाटली काढली. "ब्रदर फेकून दे म्हणाले होते. माझ्यानं फेकवली नाही." तिला अंधुक दिसत होतं, म्हणून सुई मी भरली आणि तिला तडक दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस आणि आटोपलं असतं. मग ते लोरीनला नाही, मला म्हणाले, "तुम्ही विज्ञान शिकवायचात ना?"

म्हणून सांगते. डोळ्यांसमोर काही अद्भुत घडलं, तर हात जोडण्याआधी त्याला बोट लावून पाहा. पंखा कशाकडे वळवलाय ते पाहा. आपल्या रोजच्या हाताखालची वस्तू दुसऱ्या बरणीत आली म्हणून ती अनोळखी होत नाही. आणि औषध चालू ठेवा.

लोरीनच्या फोटोला आम्ही सीलरचे दोन थर दिलेत, तो शेगडीवरही स्वच्छ दिसतो. ब्रदरांच्या फोटोला मुद्दाम दिला नाही. रोज सकाळी इन्सुलिन घेऊन झालं की लोरीन त्यावर चहाचा ओला कप ठेवते, आणि ब्रदर पांढरे पडतात.