धाग्यांचं टेबल

चेकिंगमधून कॉलरांचं अख्खं बंडल परत आलं, तेव्हा सुपरवायझर ओरडला नाही. तो ओरडला नाही की प्रकरण गंभीर आहे, असं समजायचं. त्यानं बंडलाची दोरी सोडली, वरची कॉलर घेऊन तो खिडकीपाशी गेला आणि कॉलरवालीला तिथं बोलावलं. शर्ट काळे होते. कॉलरीवरची शिलाई गडद निळी होती.

ट्यूबलाइटखाली हे दोन रंग कुणालाच वेगळे दिसत नाहीत. म्हणून रिळाच्या पोटात शेडचा नंबर चिकटवलेला असतो आणि तो वाचल्याशिवाय कुणी मशीनवर रीळ चढवत नाही. कॉलरवालीनं रीळ डोळ्यांपुढे धरलं होतं. नंबराच्या जागी मुंगी चिरडल्यासारखं काहीतरी दिसलं आणि तिनं ते अंदाजानं चढवलं.

त्या कारखान्यात बायकांना शिवायच्या भागावरून हाक मारत. बाहीवाली, खिसेवाली, काजवाली. कफवाली सदा खोकायची, त्यामुळे नवीन आलेल्यांना ते नाव तिला खरं कशावरून पडलं, हे समजावून सांगावं लागे. या सगळ्यांत मान कॉलरवालीला. शर्टाला बाकी कुठंही थोडं उणं-अधिक खपतं, पण कॉलरीची दोन टोकं एकसारखी नसली की माणूसच वाकडा दिसतो. ही जागा तिनं तिच्याआधीच्या बाईकडून शिकून घेतली होती आणि मुलगी जन्मली तेवढे दिवस सोडले, तर कधी सोडली नव्हती.

चष्मा लागला की बाईची रवानगी धाग्यांच्या टेबलावर, हा सुपरवायझरचा नियम होता. तिथं उभं राहून तयार शर्टांचे सुटलेले धागे कातरायचे. पगार घसरायचा तो घसरायचाच, पण नावही जायचं. तिथल्या सगळ्यांना मिळून नुसतं ‘टेबल’ म्हणत. नियमामागं कारण होतं. फार पूर्वी एका चष्मेवाल्या बाईच्या बोटातून सुई आरपार गेली होती. सुपरवायझर स्वतः तिला दवाखान्यात घेऊन गेला, तिचं रक्त त्याच्या बाहीला लागलं, आणि चष्मा आला की हात गेला, हे त्याचं मत तेव्हा पक्कं झालं. घामानं घसरतो म्हणून त्या दिवशी तिचा चष्मा डब्याच्या पिशवीत होता, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

तेव्हापासून सगळ्यांचेच चष्मे डब्याच्या पिशव्यांत राहू लागले.

स्टोअरमधून चुकीचं रीळ आलं का, असं सुपरवायझरनं विचारलं. त्याला तसंच हवं होतं. चांगली कॉलरवाली गमावणं त्यालाही परवडणारं नव्हतं. पाठीमागून खिसेवाली डोळे मोठे करून ‘हो म्हण, हो म्हण’ असं खुणावत होती.

“नंबर मी बघितला नाही,” कॉलरवाली म्हणाली.

“बघितला नाही, का दिसला नाही?”

तिनं त्याच्या हातातली कॉलर परत घेतली. उसवून पुन्हा शिवा, असं सांगून तो गेला.

घरी वेगळंच चाललं होतं. महिन्याभरापूर्वी शाळेत डोळे तपासले, तेव्हा तिच्या मुलीचा एक डोळा कमजोर निघाला होता. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं: हा डोळा आळशी झालाय, दुसरा चांगला असल्यामुळे याला कामच पडत नाही. रोज चांगल्या डोळ्यावर पट्टी लावा, म्हणजे हा नाइलाजानं बघायला शिकेल. आत्ता शिकला तर शिकला. मोठेपणी अवघड होऊन बसेल. जाता जाता त्यांनी कॉलरवालीच्याही हातात बारीक अक्षरांचा कागद दिला होता. तिनं तो लांब धरला, तशा त्या हसल्या. वय झालंय, दुसरं काही नाही, चष्मा लावा. चष्मा त्याच आठवड्यात आला आणि पिशवीत गेला.

मुलगी पट्टी लावून घरातून निघायची आणि शाळेच्या दाराशी काढून टाकायची. त्या संध्याकाळी वर्गातल्या बाईंचा निरोप आला, तेव्हा ते उघडकीला आलं. आईनं आधी समजावलं, मग आवाज चढवला. मुलगी भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

“पोरं मला काणी म्हणतात.”

“म्हणू देत. चार दिवसांनी कंटाळतील.”

“मग तू का नाही लावत तुझा? तुला कोण काय म्हणतं?”

बाप टॉवेलात तोंड लपवून हसला. पोरगी तुझ्यावरच गेलीय, असं काहीतरी पुटपुटला. कॉलरवालीनं मुलीला मशीनचं, टेबलाचं, पगाराचं सगळं सांगितलं. मुलीनं ते मोठ्या माणसासारखं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे तुला भीती वाटते.”

सकाळी निघताना कॉलरवालीनं पिशवीतून चष्मा काढला, पदरानं पुसला आणि नाकावर चढवला. नवरा म्हणाला, हातची नोकरी घालवून बसशील. ती म्हणाली, नोकरी शिवायची आहे, चाचपडायची नाही. मुलगी कितीतरी वेळ आईच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं पट्टी उचलली आणि आईकडूनच चिकटवून घेतली.

कारखान्यात ती मशीनपाशी बसली, तेव्हा दोन्हीकडच्या मशीन थांबल्या आणि लगेच सुरू झाल्या. सुपरवायझर आला.

“काढा तो.”

“काढला की सगळं कालच्यासारखं होतं, साहेब.”

“मग टेबलावर जा.”

“माझी जागा ही आहे.”

तिच्याशी अशा सुरात बोलायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. मग त्यानं खाली वाकून तिच्या मशीनचं बटण बंद केलं आणि बाहीवालीला शेजारच्या मशीनवर कॉलरी शिवायला बसवलं.

कॉलरवाली उठली नाही. तिनं कालचं बंडल मांडीवर घेतलं आणि ब्लेडनं निळा धागा उसवायला लागली. चष्म्यातून एकेक टाका तांदळाच्या दाण्याएवढा दिसत होता. बाहीवालीच्या कॉलरींना एक कान वर, एक कान खाली. कॉलर नाही म्हणून बाही नाही, बाही नाही म्हणून कफ नाही. पुढच्या मशीन एकामागून एक थंडावल्या. तरी कुणी तिच्याकडे मान वर करून बघितलं नाही. जिच्याकडे बघावं तिच्यासारखं वागावं लागेल, अशी ती भीती होती.

जेवणाच्या सुट्टीत मात्र बायकांच्या मोरीत तिचा चष्मा हातोहात फिरला. खिसेवालीनं तो लावून स्वतःचे हात उलटसुलट बघितले. “ह्या सुरकुत्या कधी आल्या गं,” म्हणाली. सगळ्या हसल्या. मग तिनं चष्मा नीट घडी करून परत दिला आणि सगळ्या आपापल्या जागी गेल्या, तशाच, नुसत्या डोळ्यांनी. कॉलरवालीला वाईट वाटलं, पण ती रागावली नाही.

दुपार कलली. माल नेणारी गाडी आवारात येऊन उभी होती आणि बाहीवालीपुढं बिनकॉलरीच्या शर्टांचा ढीग साचला होता. सुपरवायझर तिच्या मशीनपाशी आला. तिच्या मांडीवर उसवलेल्या कॉलरी रचलेल्या होत्या. कुठं कापड कुरतडलं गेलं नव्हतं. त्यानं वाकून बटण सुरू केलं.

“एक कॉलर शिवते,” ती म्हणाली. “त्यात खोट काढा. काढलीत, तर मी आपल्या पायानं टेबलावर जाते. नाही निघाली, तर मी चष्म्यासकट इथंच बसणार. उद्याही.”

तिनं रीळ उचललं, त्याच्या पोटातला नंबर मोठ्यानं वाचला, सुई स्वतः ओवली. पहिलं टोक वळलं, दुसरं टोक वळलं. धागा तोडून कॉलर तिनं त्याच्या हातात ठेवली.

त्यानं ती डोळ्यांजवळ नेली. मग थोडी लांब धरली. मग आणखी लांब. टाके शोधत तो हात ताणत गेला, कोपर सरळ झालं, खांदा मागं गेला, आणि मग हात संपला.

आजूबाजूच्या मशीन थांबल्या होत्या. आज पहिल्यांदाच सगळ्या माना वर होत्या. खिसेवालीनं ओठ घट्ट मिटून धरले होते. सुपरवायझरच्या कपाळावर घाम आला आणि त्यानं तो पुसला नाही.

कॉलरवालीनं बघितलं, आणि नजर खाली घेतली.

“सावकाश बघा, साहेब. घाई नाही,” ती म्हणाली. “तोवर मी पुढची घेते.”

आणि तिनं पुढची कॉलर सुईखाली सरकवली.