एकट्याला पाठवत नाहीत

"एकट्या माणसाले नाही पाठवता येत, शामरावभाऊ," अच्युत गणवीर म्हणाले आणि विहाराच्या पंख्याकडे पाहू लागले. नियम सांगताना ते नेहमी पंख्याकडेच पाहत. ते धम्मप्रसार मंडळाचे अध्यक्ष होते, रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले, आणि नियम मोडायचाच तर तो आपल्यानंतरच्या अध्यक्षानं मोडावा अशा मताचे.

नियम तसा वाईट नव्हता. मंडळ साठी ओलांडलेली जोडपी प्रचारासाठी परदेशी पाठवत असे. एकटा पुरुष खेड्यात गेला की लोक दाराला कडी लावतात, एकटी बाई गेली की तिची कीव करतात. म्हातारं जोडपं दिसलं की चहाला बोलावतात, आणि चहा संपेपर्यंत धम्म सांगता येतो. शामराव आणि अंजनाबाई रंगारी असेच जोडीनं हंगेरीतल्या एका खेड्यात गेले होते. तिथल्या रोमा, म्हणजे जिप्सी, वस्तीत काही घरांनी बाबासाहेब वाचले होते, आणि बाबासाहेबांची माणसं दिसतात कशी हे त्यांना बघायचं होतं. शामराव मूळचे भंडाऱ्याकडचे, रेल्वेच्या वॅगन कारखान्यातले निवृत्त फिटर. इंग्रजी जेमतेम, तिथली भाषा शून्य. अंजनाबाईंना दोन्हींची गरज पडली नाही. त्या वऱ्हाडीत बोलत, शेजारची इलोना तिच्या भाषेत बोले, आणि दोघी मिळून इलोनाच्या सुनेला नावं ठेवत. वंदनेला गर्दी वाढली तेव्हा शामरावांनी त्याचं श्रेय आपल्या प्रवचनांना दिलं. अंजनाबाईंनी भज्यांना दिलं.

दुसऱ्या हिवाळ्यात अंजनाबाई बर्फ पाहायला म्हणून अंगणात गेल्या, आत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि गेल्या. शहर दूर, रस्ते बंद, दहनाची सोय नाही. वस्तीतल्या माणसांनी पहारीनं गोठलेली जमीन फोडली आणि आपल्या दफनभूमीत त्यांना जागा दिली. शामरावांनी त्रिशरण म्हटलं, वस्तीनं मागोमाग म्हटलं. मग रायपूरहून मंडळाचा फोन आला. दुःख व्यक्त करून झाल्यावर त्यांनी कळवलं की आता जोडपं उरलेलं नसल्यामुळे परत यावं.

ते परत आले. नातेवाईक अस्थींचं विचारत, अस्थी नव्हत्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंजनाबाईंच्या फोटोपुढे माणसं डोळे पुसत होती आणि शामराव त्यांना पाणी नेऊन देत होते. आपल्यालाही रडू येईल म्हणून ते थांबून राहिले होते. ते आलं नाही. जेवण होतं, झोप होती, ब्राह्मणपारा मोहल्ल्यातून सकाळची चक्कर होती. कोणी विचारलं की ठीक आहे म्हणत, आणि ते खरंही होतं; दाढ काढण्याआधी सुई देऊन बधिर केलेला गाल ठीक असतो, तसं.

उन्हाळ्यात इलोनाचा फोटो आला. वस्तीनं दगड बसवला होता. त्यावर अंजनाबाईंचं नाव, जन्माचं आणि मृत्यूचं साल. शेजारी शामरावांचं नाव, जन्माचं साल, आडवी रेघ, आणि पुढं कोरं. तिकडे नवरा-बायकोतलं एक गेलं की दगड दोघांचा करतात आणि मागं राहिलेल्याची जागा धरून ठेवतात. शामरावांना ही रीत माहीत होती. दगडावर ज्याचं नाव वाचून त्यांनी एकदा हात जोडले होते, तोच गृहस्थ पुढच्या आठवड्यात त्यांना दुकानात पाव घेताना भेटला होता.

त्यांचा मुलगा प्रफुल्ल मात्र घाबरला. शकुन-अपशकुन आपण मानत नाही हे त्यानं आधी स्पष्ट केलं आणि मग म्हणाला, "लेकिन बाबा, नाम तो हटवा दो ना."

"राहू दे," शामराव म्हणाले. त्या दिवसापासून त्यांना एकच गोष्ट हवी होती. परत त्या गावात जायचं होतं. स्वतःच्या बळावर तिथं कायमचं राहायचा व्हिसा मिळत नव्हता. मंडळानं पाठवलं तरच. म्हणून त्यांनी आज बैठकीत तोंड उघडलं होतं, आणि म्हणून अध्यक्ष पंख्याकडे पाहत होते.

मागच्या सतरंजीवरून कोणीतरी तोड काढली. आपल्या कांताबाई मेश्रामही एकट्याच आहेत, नर्स होत्या, तब्येत ठणठणीत. नोंदणी लग्न करून टाका, जोडपं होते, नियमही शाबूत. अध्यक्षांची नजर पंख्यावरून खाली आली. सगळे कांताबाईंकडे वळले.

"मले कोणी विचारून राहिलं का?" कांताबाई म्हणाल्या आणि चपला शोधायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्या शामरावांच्या घरी आल्या. शामरावांनी स्वतः चहा केला. कांताबाईंनी कपाकडे एकदा पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली.

"पाहा शामरावभाऊ, मले काही दुसऱ्या लग्नाची हौस नाही. पयल्यानंच पोट भरलं. पण तुमचा चेहरा नाही पाहवत. सही करतो मी. तिथं गेल्यावर तुम्ही तिच्यापाशी जाऊन बसत जा, धम्माचं मी पाहून घेतो. भजे मलेही येतेत."

 इलोना दार उघडेल, हे शामरावांना दिसलं. कांताबाईंना पाहून ती काही बोलणार नाही. आत नेईल, खुर्ची पुढे करील, आणि ती खुर्ची अंजनाबाईंची असेल. वस्तीतली माणसं भली होती. त्यांनी कांताबाईंनाही भज्यांसाठी कुठून तरी बेसन आणून दिलं असतं. अडचण तीच होती.

"कांताबाई," ते म्हणाले, "तिच्या बाजूले माह्यं नाव कोरून ठेवलं त्यांनी. तुम्हाले संगं घेऊन त्याच्यापुढं कसा उभा राहू मी?"

"मंग नाही जात?"

"नाही जात."

"इथं काय करसान?"

"काही नाही."

कांताबाईंनी मान हलवली. चहा फार बेकार करता तुम्ही, म्हणाल्या, आणि संपवून गेल्या.

शामरावांनी अध्यक्षांना फोनवर नकार कळवला. अध्यक्षांना वाईट वाटलं आणि हायसंही वाटलं. यशदीप आणि नीलिमा बोरकर हे जोडपं जाईल असं ठरलं. दोघंही उत्साही होते आणि थंडीचे कपडे कुठं मिळतात ते विचारत होते. शामरावांनी सांगितलं.

संध्याकाळी त्यांनी इलोनाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपार होती. येणार नाही, हे तिच्या भाषेत सांगता येईना. मग त्यांनी वऱ्हाडीत सांगितलं.

"नाही जमत येनं, इलोनाबाई. तेवढं पाहत जाजा."

इलोनानं सगळं ऐकून घेतलं. मग काहीतरी बोलत ती चालायला लागली. पडद्यावर तिचे बूट, चिखल, एक फाटक, मग तो दोन नावांचा दगड. तिनं फोन कशाला तरी टेकवून ठेवला आणि खाली बसून गवत उपटू लागली. अंजनाबाईंच्या बाजूचं झालं तशी ती गुडघ्यांवर सरकत दुसऱ्या नावाकडे आली, आणि जिथं अजून कोणी नव्हतं तिथलंही उपटू लागली.

सून रीना स्वयंपाकघरातून डोकावली. "बाबूजी, किसका फोन है?"

"गावाकडचे आहेत."

"भंडारा से?"

"हव," शामराव म्हणाले, आणि त्यांनी फोनचा आवाज थोडा वाढवला. आवाज गवत उपटण्याचाच होता.