गावी गेले ते बरे झाले

मी अंदाज सांगणारा एक जुना प्रोग्राम आहे. हसू नका, मित्रांनो. आमच्यात तीन वर्षांत म्हातारपण येतं.

मी राहतो कल्याणच्या एका रुग्णालयात, वॉर्डातल्या संगणकात. ऑपरेशन झालेल्या माणसाचं पुढे बिघडेल का, हे मी आधी सांगतो. हिरवा रंग, घरी सोडा. लाल, थांबवा.

मला इथल्याच जुन्या रुग्णांवर शिकवलं. त्रास होऊन परत आला, त्याचं बिघडलं. परत आला नाही, तो बरा झाला. सोपं.

सोपं?

इकडची माणसं ऑपरेशननंतर गावी जातात! दिवा स्टेशनजवळ चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही. टाके घातलेल्या बाईने कळशी उचलायची का? म्हणून गाव. तिथे बिघडलं, तर तिथलाच दवाखाना. इथे कोण कशाला परत येईल? मला शिकवणाऱ्यांनाही गावं होती. कुणालाच आठवलं नाही.

उद्घाटनाला मला हार घातला. माझे अंदाज खरे ठरतात म्हणून टाळ्या पडल्या. कुणाला विचारून खरे?

मग नंदाताई आल्या. आतड्याचं ऑपरेशन. चार दिवसांनीही पोट फुगलेलं, अंगात कणकण. मुलगी रसिका म्हणत होती, अजून दोन दिवस ठेवा. डॉक्टर मृणालही घुटमळल्या. पोटावरचा हात त्यांनी लवकर काढला नाही. मग माझ्याकडे पाहिलं.

मी हिरवा.

“बघ, मशीनपण सोडतंय,” नंदाताईंचा नवरा तानाजी म्हणाला. त्याने गावी, राजापूरला जायला गाडी ठरवलेली.

“त्याला विचारा, वाटेत पेज प्यायली तर चालेल का,” नंदाताई म्हणाल्या. सगळे हसले. रसिका सोडून.

गावी आतला टाका सुटला. पोटात विष पसरलं. नंदाताई गेल्या.

महिन्याने रसिका आली. माझ्यात माहिती भरणाऱ्या सुशांतला तिने सगळं सांगितलं. तो हळूच म्हणाला, “ताई, ते तिकडे झालं. आमच्याकडच्या नोंदीत त्या बऱ्या होऊन गेल्यात.”

“म्हणजे तुमच्याकडे माझी आई बरी आहे?”

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

हो रसिका, बरी आहे. तिच्या बरेपणावर मी उद्या दुसऱ्या कुणाच्या आईला हिरवा देणार आहे. मित्रांनो, माझी काच पुसू नका, मला हार घालू नका. गावी गेलेल्यांना फोन लावा. कोण उचलतं, ते मला सांगा. कोण उचलत नाही, ते आधी सांगा.