पहिला वाटा गेलेल्यांचा

लाम्ब्रोसला कवळी बसली मार्चमध्ये, आणि मे महिन्यात ती बसवणाऱ्या डॉक्टरचाच मला फोन आला.

हा डॉक्टर मिल्टिआदिस यानिना शहरात दातांचा दवाखाना चालवतो. वर डोंगरात त्याचं मूळ गाव आहे, तिथल्या ग्रामस्थ मंडळाचा तो अध्यक्ष. त्या गावात पंधरा ऑगस्टला मारियामातेची जत्रा भरते आणि तिथे आम्ही अडतीस वर्षं वाजवतोय. लाम्ब्रोस क्लॅरिनेट वाजवतो, मी कोस्मास, लांब मानेचं लाउतो हे तंतुवाद्य छेडतो, आणि झिसिस डफ. व्हायोलिनवाला दोन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या जागी माणूस शोधायचा म्हणून आम्ही बरेच दिवस बोललो आणि मग बोलणंही सोडलं.

डॉक्टरने सुरुवातच गोड केली. तुम्ही कलाकार म्हणजे आमच्या मातीचा ठेवा वगैरे. इतक्या वर्षांत एवढं कळलंय, की कुणी आम्हाला ठेवा म्हणालं की समजावं, आता काहीतरी कापणार. तसंच झालं. म्हणाला, यंदा विलाप नको.

आमच्या डोंगरात जत्रा नाचाने सुरू होत नाही. आधी विलाप. एकटं क्लॅरिनेट, आणि त्याच्याखाली माझी एक तार. वर्षभरात जे गेले, जे परदेशात पोटामागे गेले आणि तिकडेच राहिले, त्यांचा वाटा पहिला. तेवढा वेळ कुणी नाचत नाही, कुणी ग्लास उचलत नाही. मग एकेका घराण्याचा नंबर लागतो आणि नाच सुरू होतो.

"कोस्मासकाका, तो अर्धा तास लोक तोंडं पाडून बसतात," डॉक्टर म्हणाला. "पोरं अथेन्सहून येतात, जर्मनीहून येतात. मोबाइल काढतात आणि उठून जातात. यंदा थेट नाचावर येऊ या."

मी हो म्हणालो. खोटं कशाला सांगू, मी दमलो होतो. सदुसष्ट वर्षांचा झालोय, गुडघे बोलतात, आणि त्या गावाला जायला तेवीस वळणं आहेत. नाही म्हटलं असतं तर त्याने शहरातून मोठे स्पीकर आणि चकचकीत कपड्यातली गायिका आणली असती, आणि आमचा हा एवढा एक ऑगस्टही गेला असता. म्हणून हो म्हणालो. ते लाम्ब्रोसला सांगायचं होतं, ते मात्र सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत तीन महिने मूग गिळून बसलो.

आणि लाम्ब्रोस तिकडे शेळ्यांच्या गोठ्यात बसून तोच विलाप घोटत होता. त्याचं वय शहात्तर. क्लॅरिनेटची चोच वरच्या पुढच्या दातांवर टेकते, आणि त्याचे तेच दात हिवाळ्यात पडले. डॉक्टरने कवळी फुकट बसवली, शेजारी उभा राहून फोटो काढला, तो मंडळाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला. कवळीने पाव चावता यायचा, सूर मात्र लागेना. जोर लावला की ती सरकायची, आणि लांबलेल्या सुरात मध्येच टक असा आवाज यायचा. बायकोने ऐकू नये म्हणून तो गोठ्यात जायचा. मी म्हणायचो, अरे नाचाची गाणी बसव, ती सोपी आहेत. तर म्हणायचा, ती कुणीही वाजवेल, मी आगाथीबाईला शब्द दिलाय.

आगाथीबाईचं घर जत्रेच्या चौकालाच लागून आहे. एक्याऐंशी वर्षांची बाई, नवरा केव्हाच गेलेला, आणि एकुलता मुलगा स्तेर्गिओस जर्मनीत ट्रक चालवायचा. तो तिकडच्या रस्त्यावरच गेला. अशा घराची चौकाकडची खिडकी तीन वर्षं ऑगस्टच्या जत्रेत बंद असते. चौथ्या वर्षी विलाप सुरू झाला की घरातल्या बाईने खिडकी उघडायची, बाहेर यायचं आणि नाचाचा पहिला रुमाल धरायचा. मग तिचं सुतक फिटलं. पण विलापाशिवाय ती आपणहून येऊ शकत नाही. आली तर लोक म्हणतील, पोराला विसरली. यंदा तिचा चौथा ऑगस्ट होता. एक्याऐंशीव्या वर्षी पाचव्याचा भरवसा कोण देणार?

हे सगळं मला मे महिन्यातही ठाऊक होतं. तरी मी हो म्हणालो होतो.

पंधरा तारखेला सकाळी आम्ही गावात पोचलो तेव्हा देवळात प्रार्थना चालू होती. चौकात टेबलं मांडणाऱ्या बायकांपैकी एकीने आतल्या दुसरीला ओरडून सांगितलं, वाद्यं आली. आम्हाला तिथे असंच म्हणतात. माणसं आली असं कुणी म्हणत नाही. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो, आणि आम्हीही कान देत नाही. जेवायला आमची जागा कॉफीच्या दुकानामागे, रिकाम्या क्रेटांजवळ. जेवण चांगलं असतं. पण त्या गावातल्या एकाही घराचा उंबरठा मी अडतीस वर्षांत ओलांडलेला नाही, कारण वाजंत्र्याला घरात बोलवायची तिथे रीतच नाही.

आम्ही गाडीतून सामान काढत होतो तेव्हा आगाथीबाई आल्या. काळे कपडे, हातात अंजिरांची बशी.

"लाम्ब्रो, रुमाल इस्त्री करून ठेवलाय," त्या म्हणाल्या. "तू फुंकलंस की कडी काढते."

"लगेच काढा हं, वाट बघायला लावू नका," लाम्ब्रोस म्हणाला. "नव्या दातांचा काही नेम नाही."

त्या हसल्या. तीन वर्षांत त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं. मी हातातलं अंजीर परत बशीत ठेवलं.

चौकातल्या वडाएवढ्या पसरलेल्या चिनाराखाली तारा जुळवता जुळवता मी लाम्ब्रोसला शेवटी सांगून टाकलं. त्याने क्लॅरिनेटची चोच पुसायची थांबवली.

"कधी ठरलं हे?"

"मे महिन्यात."

"आणि मी शेळ्यांपुढे बसून फुंकत होतो."

शेळ्यांना तरी आवडलं असेल, असं मी म्हणालो. माझा हा पाचकळपणा त्याला एरवी चालतो. त्या दिवशी त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

लोक देवळातून आले, टेबलांवर बसले. डॉक्टरने माइक हातात घेतला. कलाकार हा समाजाचा आत्मा असतो, तो नसेल तर गाव म्हणजे नुसती घरं, असं बरंच बोलला. चांगलं बोलला. तो वाईट माणूस नाही. फक्त तेवढा वेळ आम्ही तिघे उन्हात उभे होतो, कारण देणगीदारांना खुर्च्या कमी पडल्या म्हणून आमच्या उचलल्या होत्या. भाषण संपलं तेव्हा टाळ्या झाल्या आणि तो आमच्याकडे वळून म्हणाला, "चला, सुरू करा."

आम्ही नाचाचं गाणं सुरू केलं. डॉक्टरने यादीतून पहिलं घराणं पुकारलं. कुणी उठलं नाही. आम्ही गाणं दोनदा फिरवलं. त्याने दुसरं घराणं पुकारलं. त्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने हाताची घडी घातली आणि चिनाराच्या शेंड्याकडे बघत बसला. तरुण पोरं उठायला तयार होती, पण घरातला मोठा उठल्याशिवाय ती उठणार कशी? आणि मोठे उठेनात. गेलेल्यांना उपाशी ठेवून जेवायला बसायचं, तसं ते होतं. पण तोंडाने कुणी बोललं नाही. वाजंत्र्यांशी काय बोलायचं, आणि अध्यक्षाला काय सांगायचं, तो शिकलेला.

डॉक्टरला वाटलं, आवाज कमी पडतोय. नाचता येईना अंगण वाकडं, तशी गत. त्याने स्पीकर आमच्या बाजूने फिरवला, मग परत लोकांच्या बाजूने फिरवला. घाम पुसत आमच्यापाशी आला आणि जरा जोरात वाजवा म्हणाला. तिसरं घराणं पुकारून झालं. नाचाची जागा मोकळी ती मोकळीच. मी सारखा आगाथीबाईच्या खिडकीकडे बघत होतो. ती बंद होती. आत ती बाई इस्त्रीचा रुमाल घेऊन उभी असेल, आणि हे नाचाचं गाणं ऐकून तिला काय वाटत असेल, याबद्दल मला नको नको ते सुचत होतं.

लाम्ब्रोसने मधेच वाजवणं थांबवलं. झिसिसचा डफ दोन ठोके एकटाच पुढे गेला आणि थांबला. लाम्ब्रोसने तोंडात बोटं घालून कवळी काढली. ठेवायला जागा शोधली. सगळ्यात जवळ डॉक्टरचं टेबल होतं, त्यावर त्याचा पाण्याचा ग्लास होता. त्यात त्याने ती सोडली.

"डॉक्टर, हे दात जेवायचे आहेत," तो बोबड्या तोंडाने म्हणाला. "माझं जेवण अजून व्हायचंय."

डॉक्टर ग्लासकडे बघत राहिला.

लाम्ब्रोसने दोन्ही ओठ हिरड्यांवर आत वळवले, चोच त्यांच्यात धरली आणि विलाप सुरू केला. सूर कसा होता? वाईट होता. त्याच्या तिशीतला विलाप मी ऐकलाय, त्याच्यापुढे हे काहीच नव्हतं. अर्धा सूर, अर्धा वारा. मी खालची तार धरली आणि एकदाही सोडली नाही. पहिली ओळ कशीबशी पार पडली. टेबलांवरच्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. खिडकी बंदच. दुसऱ्या ओळीत सूर वर चढून हळूहळू उतरतो, तिथे एका दमात बराच वेळ जावं लागतं. लाम्ब्रोस वर चढला आणि तिथेच त्याचा श्वास संपला. त्याने पुन्हा एकदा फुंकून पाहिलं, नुसती हवा आली. त्याने क्लॅरिनेट खाली केलं.

मी तार छेडत राहिलो, दुसरं काय करणार होतो? तेव्हा हाताची घडी घातलेला तो म्हातारा माझ्या तारेच्या सुरात घुमू लागला. ओठ मिटून, एकच सूर. त्याच्या शेजारच्याने तो उचलला, मग बायकांनी. आमच्या डोंगरात गाणाऱ्याखाली असा सूर धरायची जुनी रीत आहे, पण चौकात ती मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. सगळा चौक घुमत होता आणि वर गाणारं कुणीच नव्हतं.

कडी वाजली. खिडकी उघडली, आणि लाम्ब्रोसची राहिलेली ओळ आतून आगाथीबाईंनी म्हटली. आवाज म्हातारा, चिरलेला. शेवटी त्यांनी पोराचं नाव घातलं. मग त्या दारातून बाहेर आल्या, रुमाल हातात धरून चौकाच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि आमच्याकडे बघून मान हलवली. आम्ही सगळ्यात संथ गाणं घेतलं. त्या तीनच पावलं नाचल्या, रुमाल शेजारणीच्या हातात दिला आणि जाऊन बसल्या. पण तोवर टेबलं रिकामी झाली होती. रांग चिनाराला वळसा घालून गेली. शेपटाला डॉक्टरही होता.

मला रडू आलं. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला विलाप लागला. माझ्या डोळ्यांत होता तो मे महिन्यातला फोन.

दुपारी जेवायची सुट्टी झाली तेव्हा सवयीने आम्ही दुकानामागे निघालो. झिसिस पुढे गेलासुद्धा. आगाथीबाई आपल्या दारात उभ्या होत्या.

"तिकडे कुठे निघालात?" त्या म्हणाल्या. "आत या."

लाम्ब्रोसने पायपुसण्यावर तीनदा बूट पुसले. झिसिसला हाक मारून मी लाम्ब्रोसच्या मागून गेलो. आत मांस शिजल्याचा वास होता. त्यांनी आम्हाला टेबलाशी बसवलं आणि लाम्ब्रोसच्या ताटात पाव बारीक कुस्करून त्यावर गरम रस्सा ओतला, लहान मुलाला देतात तसा. तोही खाऊ लागला.

तेवढ्यात डॉक्टर दारात आला. हातात ग्लास, ग्लासात कवळी. तो उंबरठ्याबाहेरच थांबला. म्हणाला, "काका, ही राहिली. घासून बारीक करून देतो, हलणार नाही."

"राहू दे तुझ्याकडे," लाम्ब्रोस म्हणाला. "पुढच्या वर्षी माझ्याच्याने होणार नाही. आज बघितलंस ना."

डॉक्टर बाहेरूनच हात घालून ग्लास हळूच दाराजवळच्या फळीवर ठेवून गेला.

भिंतीवर स्तेर्गिओसचा फोटो होता. याच चौकात काढलेला, विशीतला पोरगा, रांगेच्या पुढे, एक पाय हवेत. आगाथीबाईंनी तो खिळ्यावरून काढला, तळहाताने काच पुसली आणि माझ्यासमोर ठेवला. फोटोच्या कडेला एक हात होता. फक्त हात, तारांवर टेकलेला. बाकीचा माणूस चौकटीबाहेर राहिला होता. करंगळी वाकडी.

"रोज पुसते मी हा," त्या म्हणाल्या. "हा हात कुणाचा, ते कळायचं नाही. आज खिडकीतून ती करंगळी बघितली. तुझाच ना?"

मी हो म्हणालो. मग मला राहवलं नाही, आणि मे महिन्यातल्या फोनचं, त्या दिवशीच्या माझ्या होकाराचं, सगळं त्यांना सांगितलं. लाम्ब्रोसने खाणं थांबवलं नाही. आगाथीबाईंनी ऐकून घेतलं. फोटो उचलला, खिळ्यावर लावला, वाकडा लागला होता तो सरळ केला.

"जेव," त्या म्हणाल्या. "रस्सा गार होतोय."