नानासोंची कुस्ती आणि गप्प राहिलेली हलगी

मित्रांनो, जालिंदरच्या घरात खुंटीला टांगलेली जुनी हलगी म्हणजे मी. लाकडाचं गोल कडं आणि त्यावर ताणून बसवलेलं बकऱ्याचं कातडं, एवढंच माझं शरीर. जालिंदरच्या वडिलांनी मला बनवलं. जालिंदर तेव्हा रांगत होता, म्हणून मी त्याला अजून अरे-तुरेच करते.

माझं काम कुस्तीच्या मैदानात. आमच्या सांगली-साताऱ्याकडे हलगीशिवाय कुस्ती रंगत नाही. पैलवान एकमेकांना जोखत असले की मी सावकाश वाजते. डाव बसू लागला की ठेका वाढतो आणि थकलेल्या अंगातही जोर येतो. लोक म्हणायचे, "जालिंदरची हलगी मढ्याला उभं करंल!" मला त्याचा फार अभिमान वाटे.

आमच्या गावचे पैलवान होते नानासो. त्यांचे थोरले भाऊ अण्णा गावची तालीम चालवत. अठरा वर्षांपूर्वी जत्रेत नानासोंची कुस्ती म्हसवडच्या शहाजी पैलवानांशी ठरली. दुपारी जालिंदर मैदानाच्या कडेला, कातडं ताणावं म्हणून, मला जाळावर शेकत होता. तिथंच नानासो मान धरून अण्णांकडे आले.

"अण्णा, मान लय दुखतीया. काल सरावात लचकली. आज नगं."

"गावाचं नाव घालवतोस व्हय? जोड जाहीर झालीया. चल, लंगोट लाव."

कुस्ती लागली, शहाजींनी नानासोंना उचलून टाकलं आणि ते मानेवर पडले. पुन्हा उठलेच नाहीत. शहाजी तिथंच मातीत बसून ओरडत होते, "पाणी आणा! आरं, गाडी आणा कुनीतरी!" पण नानासो दवाखान्याच्या वाटेवरच गेले.

अपराध सोसवत नसला की माणूस तो दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवतो. अण्णा सांगू लागले, "शहाजीनं मुद्दाम मान मोडली." दहाव्याला शहाजी रडत आले, तर अण्णांनी त्यांना दारातूनच परतवून लावलं. शहाजी पुन्हा कधी मातीत उतरले नाहीत.

जालिंदरनं मात्र त्या दुपारचं दोघा भावांचं बोलणं ऐकलं होतं. त्याची बायको अंजना म्हणायची, "मग सांगा की लोकांना." तो मान खाली घाली. "अण्णा तालमीचा कारभारी. हलगीवाल्याचं कोण ऐकंल?"

नानासोंचा मुलगा देवदत्त तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याची आई मंगल त्याला बदाम वाटून देई आणि अण्णा रोज एकच वाक्य भरवत, "बापाची मान ध्यानात ठेव." पुढं तालमीत तयार झाल्यावर कुस्तीच्या एका स्पर्धेत देवदत्तला शहाजींचा मुलगा मुकुल भेटला. दोघं एका ताटात जेवले. देवदत्त घरी येऊन म्हणाला, "काका, त्यो पोरगा चांगला हाय."

"साप बी दिसाया चांगलाच असतो," अण्णा म्हणाले.

गेल्या वर्षी त्या दोघांची जोड लागली. देवदत्तनं मुकुलची मान पकडली. जालिंदरचे हात सवयीनं धावू लागले आणि मी गर्जत सुटले. पंच ओरडत होते, "सोड! सोड त्याला!" पण माझ्या आवाजात ते देवदत्तला ऐकूच गेलं नाही. जालिंदरनं काठ्या फेकल्या तोवर उशीर झाला होता.

मुकुल वाचला. पण मानेखाली त्याचं अंग हलेना.

दुसऱ्या दिवशी जालिंदर मला खांद्याला तशीच अडकवून मंगलच्या घरी गेला. अण्णा आणि देवदत्त तिथंच होते. जालिंदरनं सतरा वर्षांपूर्वीची ती दुपार सांगितली. अण्णांनी नाही म्हटलं नाही. ते भिंतीला टेकून खाली बसले आणि एवढंच म्हणाले, "खरं हाय."

मंगलनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती जालिंदरला म्हणाली, "भाऊ, सतरा वर्सं तुमी कुठं होता?"

जालिंदरनं तिच्यासमोर हात जोडले. ती दुपार ऐकली तर मीही होती.

देवदत्त आपल्या हातांकडे बघत राहिला. मग तो उठला आणि जालिंदरला घेऊन म्हसवडला गेला. मीही खांद्यावर होते. शहाजींच्या पायाशी बसून तो म्हणाला, "मला मारा."

 शहाजींच्या मुठी आवळल्या होत्या, त्या हळूहळू सुटल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "जेवलास का रं?"

आता दर आठवड्याला देवदत्त म्हसवडला जातो. मुकुलला कुशीवर वळवतो, त्याच्या पायांना तेल चोळतो. मुकुल त्याच्याशी बोलत नसे. गेल्या महिन्यात पहिल्यांदा बोलला, "पंखा जरा हळू कर." एवढंच. देवदत्तनं ते आमच्या घरी येऊन सांगितलं आणि लहान पोरासारखा रडला.

जालिंदर मला आता वाजवत नाही. माझं कातडं सैल पडलंय, कडेला उंदरांनी कुरतडलंय. त्याची मी तक्रार करत नाही. मित्रांनो, मी शूरांना जोर दिला, पण रागालाही तोच जोर दिला, हे मला फार उशिरा कळलं. तुमच्या कानावर कधी काही खरं पडलं, तर ते सांभाळून ठेवू नका. 'आपलं कोण ऐकणार' असं म्हणू नका. घाबरत का होईना, अडखळत का होईना, ते त्याच दिवशी सांगून टाका.