निळ्या झाकणाचा कॅन

वर्षाराणीने मोरीत पडलेला पांढरा कॅन उचलला आणि तो तिच्या बोटांना चिकटला.

पाच लिटरचा कॅन, निळ्या झाकणाचा. तिने तो खिडकीच्या उजेडात धरला. तळाशी बोटभर पाक साचला होता आणि त्यात केशराच्या दोन काड्या पोहत होत्या. तिने वास घेतला. वेलदोड्याचाच वास आला, दुसरा कसला नाही. पण वास येत नाही म्हणून काही नाही असं थोडंच असतं.

"आई, हा कॅन इथे कसा आला?"

नर्मदाबाई ओट्याशी उभ्या राहून स्टीलच्या डब्यातले गुलाबजाम झाऱ्याने हलक्या हाताने वरखाली करत होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"त्यात पाक काढून ठिवला हुता की. तुमच्यात मोठं पातेलं एकच. पाक आदी करून बसले, मग दूध कशात आटवायचं? ग्यालरीत ह्यो रिकामा दिसला. तीनदा धुतला बरं का. साबणानं दोनदा, गरम पाण्यानं एकदा."

हा कॅन तिच्या नवऱ्याने, नीलेशने, गेल्या शुक्रवारी कंपनीतून आणला होता. वरचं लेबल फाडलेलं होतं. गॅलरीत ठेवताना बूट काढता काढता तो म्हणाला होता, याला कुणी हात लावू नका. सासूबाई आल्या रविवारी. त्यांना हे सांगायला हवं, असं ना नीलेशच्या डोक्यात आलं, ना तिच्या. बोईसरमधल्या त्यांच्या या बिल्डिंगमध्ये सगळी तारापूरच्या कारखान्यांत जाणारी माणसं. कंपनीतून आलेल्या डब्याला हात लावायचा नाही, हे इथे शाळेत न जाणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. पण नर्मदाबाई आटपाडीकडच्या. त्यांच्या गावी रिकामा कॅन म्हणजे तेलाचा, आणि तेलाचा कॅन धुतला की झाला.

"तुम्ही खाल्लात का यातला?"

"चवीला येक खाल्ला. का गं?"

"आणि स्वराने?"

आता मात्र नर्मदाबाईंनी झारा खाली ठेवला. "देवाला दावला आन् मग तिला दिला. दीड खाल्ला पोरीनं. काय झालंय?"

काय झालंय ते वर्षाराणीने सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, तोंडाला येईल ते बोलली. "विचारायला घरात माणसं नव्हती का? मी काय मेले होते? औषधाचा कॅन आहे तो आई, कंपनीचा! कुठलं ॲसिड होतं, काय होतं देव जाणे!" एरवी सासूपुढे पदर सावरून बोलणारी बाई ती, पण आज तिचा आवाज जिन्यापर्यंत गेला असेल. नर्मदाबाईंचा चेहरा एकदम बारीक झाला. त्यांनी नुसता ओटा पुसायला घेतला, आणि त्याचाच वर्षाराणीला जास्त राग आला.

तिने नीलेशला फोन लावला. पूर्ण रिंग वाजून बंद झाला. वाजणारच. प्लांटमध्ये मोबाईल नेता येत नाही, गेटवर लॉकरमध्ये ठेवून आत जायचं. तरी तिने दुसऱ्यांदा लावला. मग गेटचा नंबर शोधला.

"मॅडम, वो तो अंदर है," गेटवरचा माणूस म्हणाला. "शिफ्ट इंचार्ज को बोलके मेसेज भेजता हूँ. टाइम लगेगा थोडा."

"अर्जंट आहे म्हणावं. अर्जंट बोलो उनको. घर पे इमर्जन्सी है."

"हाँ मॅडम, बोलता हूँ ना."

स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे फोन केला, तर उचलला कंपाउंडरने. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि नेमकं तेच विचारलं ज्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. "ताई, कॅनमध्ये होतं काय?"

"माहीत नाही."

"ते कळलं तर बरं. सर आहेत आत्ता, मुलीला घेऊन या. कॅन पण आणा. आणि घरी काही पाजू नका, मीठपाणी वगैरे."

ते तिला माहीत होतं. पोटात रसायन गेलं तर उलटी करवायची नाही. गेल्या मार्चमध्ये कंपनीच्या सुरक्षा सप्ताहात कामगारांच्या बायकांची प्रश्नमंजूषा झाली, त्यात याच प्रश्नाचं बरोबर उत्तर देऊन तिने स्टीलचा डबा मिळवला होता. दुसरं बक्षीस. आता गुलाबजाम होते ते त्याच डब्यात.

रिक्षा बेटेगावच्या चिंतूची. तो स्वराला रोज बालवाडीत सोडायचा.

"ताय, निंगालो हाय," तो फोनवर ओरडला. मागून हॉर्नचा कलकलाट ऐकू येत होता. "पुलावर गाड्या अडकल्या हायत. दहा मिन्टं द्या."

दहा मिनिटं. तिने घड्याळ पाहिलं. दुपारचे बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. स्वराने गुलाबजाम खाल्ला असेल साडेअकराला.

खालून हाका सुरू झाल्या. पार्किंगमध्ये सतरंज्या पडल्या होत्या. कुठल्याशा देशात आज गोड खायचा दिवस असतो, हे खालच्या हिराच्या मुलीने, तेजलने, मोबाईलवर वाचलं होतं. देश कुठला ते तिलाही सांगता येईना, पण आपल्याकडे गोड खायला देशाचं नाव लागत नाही. बायकांनी ठरवून टाकलं, शनिवारी दुपारी कुणाच्या घरी पोळी-भाजी शिजायची नाही, सगळ्यांनी खाली बसून नुसतं गोड खायचं. हिराचा चिकूचा हलवा, तिसऱ्या मजल्यावरची बासुंदी, कुणाची शेवयांची खीर. वर्षाराणीने छाती पुढे काढून सांगितलं होतं, आमच्या आई आल्यात, त्या खवा घरी करतात, गुलाबजाम आमचे.

जिन्यावर पावलं वाजली आणि दारात हिरा उभी राहिली.

"काय गो, आमी सगल्या थांबलोय तुज्यासाठी. पोरा ताटल्या वाजवतात. आन ना डबा."

वर्षाराणी दार अडवून उभी राहिली. खरं सांगितलं तर पाच मिनिटांत सगळी बिल्डिंग वर येईल. सासूने नातीला कंपनीच्या कॅनमधलं खाऊ घातलं, असं दारोदार होईल, आणि आटपाडीहून चार दिवसांसाठी आलेली म्हातारी त्याखाली गाडली जाईल. एवढा सगळा विचार तिने केला असं नाही. तोंडातून निघून गेलं.

"पाल पडली गं पाकात. माझंच चुकलं, झाकण ठेवायचं राहिलं. सगळे टाकून देतेय."

हिराचं तोंड वाकडं झालं. "पाल? अगो बाय!" तिने एकदा स्वयंपाकघराच्या दिशेने पाहिलं, साडी उगाचच सावरली. "जाऊ दे मग. तू तरी ये खाली."

"येते."

येते म्हणाली खरी, पण तिला कळून चुकलं की आता या बिल्डिंगमध्ये पुढची कित्येक वर्षं तिच्या हातचा डबा नाक दाबूनच उघडला जाणार. तेही तिला या घडीला फार मोठं वाटलं नाही. दार लावून ती वळली तेव्हा नर्मदाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"ते डब्यातले कचऱ्याच्या पिशवीत भरा," वर्षाराणी म्हणाली, त्यांच्याकडे न बघता. "आणि पिशवी बांधून ठेवा. मी हिला घेऊन जाते."

स्वरा हॉलमध्ये टीव्हीसमोर मांडी घालून बसली होती. वर्षाराणी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिने पोरीचे ओठ पाहिले, जीभ बाहेर काढायला लावली, डोळ्यांखालची कातडी ओढून पाहिली. काय बघायचं असतं ते तिला माहीत नव्हतं, पण हात थांबत नव्हते.

"स्वरा, पोट दुखतंय का?"

"हो."

वर्षाराणी आणखी पुढे सरकली. "कुठे? दाखव बघू."

स्वराने गुडघा दाखवला.

"जळजळतंय का? घशात?"

"हो. मम्मा, सरक ना, दिसत नाही."

"उलटी होतेय?"

"नाही. हो."

चार वर्षांचं पोर. विचाराल त्याला हो म्हणणार, नाहीतर नाही म्हणणार. वर्षाराणीला रडू फुटायला लागलं. तिने ते गिळलं, पोरीचा फ्रॉक बदलला, दवाखान्याची फाईल काढली. कॅन एका पिशवीत घातला, वरून गाठ मारली. बारा सव्वीस. चिंतूचा पत्ता नव्हता, नीलेशचा फोन नव्हता. खाली बायका कसल्याशा गोष्टीवर खदखदून हसल्या आणि पोरांनी पुन्हा ताटल्या बडवल्या.

पाण्याची बाटली घ्यायला ती स्वयंपाकघरात गेली.

नर्मदाबाई खाली फरशीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. गुलाबजामचा डबा मांडीवर होता. कचऱ्याची पिशवी शेजारी होती, कोरी, घडी न मोडलेली. त्यांनी चमच्याने एक गुलाबजाम उचलला, तोंडात घातला आणि दोन-तीनदा चावून गिळला. त्यात चव घेणं नव्हतं. गोळी घ्यावी तसं घेत होत्या. मग दुसरा उचलला.

"आई!"

वर्षाराणीने धावत जाऊन डबा खेचला. पाक दोघींच्या हातांवर सांडला.

"काय करताय तुम्ही? वेड लागलंय का?"

"सोड," नर्मदाबाई म्हणाल्या. तोंडातला घास त्यांनी गिळला. "बस खाली. वरडू नगंस, पोरगी घाबरंल."

"किती खाल्लेत?"

"आदीचा धरून सात."

"का?"

नर्मदाबाईंनी पदराने ओठ पुसले. आवाज एकदम सरळ होता. वर्षाराणीच्या लग्नाला सात वर्षं झाली, भाजीत मीठ कमी आहे हे सांगतानाही त्यांचा आवाज असाच सरळ असायचा.

"तू तिला इचारत हुतीस ते ऐकलं. तिला काय सांगता येतंय? लहान जीव. मला सांगता येतंय. तिनं दीड खाल्लाय, म्या सात खाल्लेत. काय व्हायचं आसंल तर मला आदी हुईल. कुठं जळतंय, कसं जळतंय, ते मी नीट सांगीन डाक्टरला. म्हंजी तिला काय द्यायचं ते त्यास्नी कळंल."

वर्षाराणीला आपण मघाशी ओरडलो ते सगळं आठवलं. तिला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली, जितकी त्याआधी कधी वाटली नव्हती. ती तशीच पाकाच्या हातांनी सासूच्या शेजारी फरशीवर बसली आणि त्यांचा हात तिने हातात धरला. सात वर्षांत पाया पडण्यापलीकडे तिने या बाईला स्पर्श केला नव्हता. हात खडबडीत होता आणि गार पडला होता.

"काही होतंय का, आई? खरं सांगा."

नर्मदाबाईंनी डोळे मिटले. पोटावर दुसरा हात ठेवला आणि लक्ष देऊन वाट पाहिली, कुणी दार वाजवतंय का ते ऐकावं तशी.

"आजून तरी न्हाई. गोड लई झालंय."

खाली रिक्षाचा हॉर्न वाजला. चिंतूच होता, दोनदा तुटक वाजवायची त्याची सवय. वर्षाराणी उठली. "तुम्हीही चला. तुम्हाला इथे ठेवून मी जाणार नाही." एका हाताने तिने त्यांना उभं केलं, दुसऱ्या हाताने पिशवी घेतली, आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. नंबर कंपनीच्या गेटचा होता.

"काय झालं?" नीलेश धापा टाकत होता. "इंचार्जने पळवत पाठवलं मला. स्वरा बरी आहे ना?"

"तो कॅन," ती म्हणाली. "गॅलरीतला, निळ्या झाकणाचा. त्यात काय होतं?"

"कुठला? हां, तो. पाणी होतं गं. डिस्टिल्ड वॉटर. फोर्कलिफ्टच्या बॅटरीत घालतात ना, ते."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? मीच रिकामा केला. गेटपास करून आणलाय."

"मग हात लावू नका का म्हणालात?"

"अगं, वाणगावच्या कमलेशला द्यायचाय. त्याच्या इन्व्हर्टरला पाणी ठेवायला कॅन मागितलाय त्याने. तुम्ही तेलबिल भरून ठेवाल म्हणून बोललो. का, काय झालं? गेटवाला म्हणाला घरी इमर्जन्सी."

वर्षाराणी ओट्याला टेकली. हॉलमध्ये टीव्हीवर कुणीतरी गाणं म्हणत होतं आणि स्वरा त्याच्या बरोबरीने चुकीचे शब्द म्हणत होती. नर्मदाबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या. तिने मान हलवली. पाणी, ती नुसत्या ओठांनी म्हणाली, पाणीच होतं. नर्मदाबाईंनी ते दोनदा वाचलं, मग हळूच पुन्हा खाली बसल्या आणि त्यांनी पदर तोंडात धरला. मग लेकाच्या आवाजाकडे बोट करून, काही सांगू नको, अशी त्यांनी हाताने खूण केली.

"हॅलो? अगं बोल ना, काय झालंय?"

"काही नाही," वर्षाराणी म्हणाली. "आज आमचा गोड खायचा दिवस आहे ना. आईंनी जरा जास्तच खाल्लं."

"एवढ्यासाठी मला प्लांटमधून बाहेर काढलंस?"

"हो," ती म्हणाली. "एवढ्यासाठीच."